सहाशे तेरा

पेटीला एकच बटण होतं.
आवाज लहान, आवाज मोठा.
स्टेशन बदलायचं बटण कुणी केलंच नव्हतं,
बदलायला दुसरं स्टेशन नव्हतं.
टपाल कचेरीतून तार यायची खांबाखांबानं
आणि फिक्या निळ्या प्लॅस्टिकमधून
पहाटे सहापासून उलानबातर बोलायचं:
लोकर किती टन, कोळसा किती टन,
कुठल्या सभेत किती वेळ टाळ्या.

बाबांना काही बोलायचं असलं
की ते पेटीवर मेंढीचं कातडं टाकायचे.
"ती ऐकत नाही, नुसती बोलते," आई म्हणायची.
"इतकं बोलणारीला कान नसतील कशावरून?"
आणि मग जे सांगायचे ते इतकं हळू,
की मला आजही ठाऊक नाही
पणजोबांना कुठल्या साली, कोण घेऊन गेलं.

त्या वर्षी मार्चमध्ये पेटी अडखळली.
निवेदकाला कागद सापडेना,
किंवा सापडलेला वाचवेना.
चौकात माणसं बसलीत, म्हणाला, जेवत नाहीत.
एवढंच.
मग बराच वेळ मोरिन खूर, तीच धून पुन्हा पुन्हा.
आईनं चहात दोनदा मीठ घातलं.
बाबांनी उठून कातडं काढलं
आणि बटण फिरवलं, पार टोकापर्यंत.

जुलैत दुसरी पेटी आली, लाकडाची,
साइडकारमध्ये बसून कुरणाकुरणांतून हिंडली.
खांदजाव म्हातारी, डोळ्यांनी अधू,
बोटांनी चाचपून म्हणाली,
"फट एवढीशी? माझं मत जाड आहे."

रात्री शाळेत मोजणी. आई ट्रंकलाइनवर.
आकडा तिनं ओरडून सांगितला, तीनदा:
सहाशे तेरा. सहाशे तेरा. सहाशे तेरा.
वारा होता.
तारेत वारा शिरला की आमचं बोलणं
पलीकडे पोचेपर्यंत कुत्र्याचं भुंकणं व्हायचं.

तिसऱ्या दिवशी पेटीनं आमचं नाव घेतलं.
बायनहोशू.
मी नऊ वर्षांची. शाळेतल्या नकाशात
आमच्या जागी माशीचा डाग होता,
आणि हा माणूस, ज्यानं आम्हाला कधी पाहिलं नाही,
सगळ्या देशासमोर म्हणत होता, बायनहोशू,
झालेलं मतदान सहाशे बारा.

बाबा हसले. एकानं काय होतंय.
"शंभरातली एक मेंढी संध्याकाळी परतली नाही,
तर जेवतोस तू?"
आईनं माझ्या गणिताच्या वहीचं पान फाडलं,
लिहिलं: महाशय, आमचा एक माणूस
आपल्याकडून वाचायचा राहिला आहे. कळवावे.
खाली सही, हुद्दा, कचेरीचा शिक्का.
शिक्का मारताना हात थरथरला, तो जरा पुसट उठला.

पत्र गेलं. लोकर कातून झाली.
गवत पिवळं पडलं, मला वसतिगृहात टाकलं,
उवा झाल्या, केस कापले.
ऑक्टोबरात, हवामानानंतर, तोच निवेदक:
"बायनहोशूहून टपाल कर्मचारी त्सेन्दसुरेन लिहितात..."
कागदाची सळसळ.
"त्यांचं बरोबर आहे. सहाशे तेरा.
चूक आमची."
मग खोकला. मग गव्हाचे आकडे.

वसतिगृहातल्या पेटीखाली मी
एका हातात चमचा घेऊन उभी.
बाबा, आई सांगते, त्यांच्या पेटीकडे
किती तरी वेळ बघत राहिले,
भिंतीनं वळून नाव विचारावं तसे.

पुढे हिवाळाभर एकच वाद.
तो राहिलेला मीच, जिग्जिद म्हणायचा,
मी सगळ्यात शेवटी आलो होतो.
खांदजाव म्हणे, माझंच, फटीत अडकलेलं.
गुरांचा डॉक्टर त्या दिवशी पिऊन पडला होता,
मतदानाला फिरकलाच नव्हता,
तोही शपथेवर सांगायचा, माझंच.

आता माझ्या खिशात शंभर पेट्या आहेत.
दिवसभर सगळ्या एकदम बोलतात,
कोण कुणाच्या मालकीची, हे कळायला वकील लागतो.
आई ऐंशीला टेकली. परवा विचारलं तिला,
खरं सांग, कुणाचं होतं ते?
तिनं पेला पालथा घातला.
"कुणाचं म्हणजे काय,
वारा होता गं त्या रात्री."